टेकडीवरच्या टाकीची ओळ

पाणीपुरवठ्याच्या मुख्य कार्यालयात त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला वाटाड्या म्हणत. नाव ठेवणारा कधीच निवृत्त होऊन गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शहरात पाण्याच्या एक्केचाळीस टाक्या, सतरा पंपघरं, आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीवर एकेक राखाडी पेटी. नियंत्रण कक्षातून दर मिनिटाला प्रत्येक पेटीला विचारणा जायची, पाणी किती? पेटी आकडा सांगायची. ही विचारणा योग्य पेटीपर्यंत जावी म्हणून वाटेवर जे राउटर बसवलेले होते, त्यांचा मालक, पालक आणि नोकर हा एकटा माणूस. वय सत्तावन्न, गुडघे मात्र सत्तरीचे.

राउटर हा तसा फार मर्यादित अकलेचा प्राणी आहे. लोकांना वाटतं त्याला सगळे रस्ते तोंडपाठ असतात. छे! त्याला कुठलाच रस्ता पुरता माहीत नसतो. त्याच्याजवळ एक तक्ता असतो आणि तक्त्यात ओळी असतात. अमुक पत्ते आले तर शेजारच्या तमुक राउटरकडे द्या, एवढंच एका ओळीत लिहिलेलं. माहितीचं पाकीट आलं की हा त्यावरचा पत्ता बघतो, जुळणारी ओळ शोधतो, पाकीट शेजाऱ्याच्या हातात ठेवतो आणि विसरून जातो. पुढचं पुढचा बघेल. दोन-तीन ओळी जुळल्या तर जी जास्तीत जास्त बारकाईनं जुळते ती खरी. ‘पूर्वेकडचे सगळे’ अशी एक ओळ असेल आणि ‘पूर्वेकडच्या टेकडीवरची ती एकच पेटी’ अशी दुसरी असेल, तर त्या पेटीच्या पाकिटाला दुसरीच ओळ लागू, मग पहिली कितीही नवी आणि चांगली असो. आणि कुठलीच जुळली नाही तर तक्त्याच्या तळाशी एक ओळ असते, ज्याचं कुणीच नाही ते अमक्याकडे पाठवा.

ऑफिसातली आणि घरातली ही तळाची ओळ म्हणजे वाटाड्याच होता. प्रिंटर अडला, वाटाड्या. साहेबांच्या मुलीचा लॅपटॉप उघडेना, वाटाड्या. गच्चीतून पाणी गळायला लागलं तेव्हाही बांधकामवाल्यांनी त्यालाच बोलावलं, कारण म्हणे ‘तुमच्या तारा भिजतील’. घरी भावाचा विम्याचा अर्ज, पुतण्याचा कॉलेजचा अर्ज, बहिणीच्या मोबाइलमधून गायब झालेले फोटो. तो कुणाला नाही म्हणत नसे. हा काही मनाचा मोठेपणा नव्हता. नाही म्हणायला जितका वेळ भांडावं लागतं, तितक्यात काम होऊन जातं, हा त्याचा हिशेब. पण अशी हजारो कामं होऊन गेल्यावर माणूस किती उरतो, हे त्यानं कधी मोजलं नव्हतं. अलीकडे तो सकाळी उठायचा तोच दमलेला.

एका बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकत नसे, आणि ती म्हणजे त्याची बदलांची वही. कुठल्याही राउटरच्या तक्त्यात ओळ घातली, काढली, की ती वहीत लिहायची. कायमची ओळ शाईनं. तात्पुरती ओळ पेन्सिलीनं, आणि पुढे काढून टाकायची तारीख. तारीख आली की एक तर खोडरबर, नाहीतर शाई. मधलं काही नाही. ‘तात्पुरतं’ हा शब्द कुणी ऑफिसात मोकळेपणी उच्चारला तर वाटाड्याच्या कपाळाची शीर उडायची. “तात्पुरतं म्हणजे किती तारखेपर्यंत, ते आधी बोला,” तो म्हणायचा. लोक त्याची नक्कल करायचे. बायकोसुद्धा करायची, जोवर इथे होती तोवर.

बायको तीन वर्षांपूर्वी आईकडे गेली होती, पाच तासांच्या बसप्रवासावरच्या गावी. म्हातारी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. दोन महिन्यांत उभी राहील असं डॉक्टर म्हणाले, म्हणून बायकोनं दोन महिन्यांचे कपडे नेले. म्हातारी उभी राहिली ती वॉकर धरून, आणि तेवढीच. ह्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे तिला इकडे आणायचा प्रश्नच नव्हता. मग ठरलं की वाटाड्यानं स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि तिकडेच जायचं. त्यानं बायकोला तारीख दिली. नवीन पंपघर सुरू होत होतं, तारीख पुढे गेली. दुसरी दिली, तिसरी दिली, चौथी दिली. दर वेळी काहीतरी सुरू होत होतं नाहीतर बंद पडत होतं, आणि कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणत होतं, “तुमच्याशिवाय कसं होणार?” हे वाक्य ऐकलं की तो विरघळायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

पाचव्या खेपेला मात्र कागद हातात आला. सगळं नेटवर्क एका कंपनीला सांभाळायला दिलं होतं. कंपनीनं नवा मुख्य राउटर बसवायचा, वाटाड्यानं कारभार सोपवायचा, सोपवणीच्या कागदावर सही झाली की तीस तारखेला, शुक्रवारी, तो कार्यमुक्त. शनिवारचं बसचं तिकीट त्यानं काढूनसुद्धा ठेवलं. बायकोला फोन केला तेव्हा ती हरखली वगैरे नाही.

“बरं,” ती म्हणाली. “एक सांगू का? ही पुढे गेली ना, तर मला पुन्हा तारीख सांगू नका. रागानं नाही म्हणत मी. पण तारीख आली की मी पलंगपोस बदलते, आई दाराकडे बघत बसते, आणि मग ते सगळं पुन्हा आवरायचं मला जिवावर येतं.”

“या वेळी सही झाली की झालं,” तो म्हणाला.

“तेच म्हणतेय. झाली की.”

कंपनीकडून जी इंजिनिअर आली होती ती तिशीची, मुकाट्यानं काम करणारी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली बाई होती. वाटाड्याला ती पहिल्याच दिवशी आवडली, कारण तिनं बदलांची वही बघायला मागितली. सात वह्या होत्या. तिनं शेवटच्या दोन चाळल्या. जुन्या राउटरमधल्या ओळी नव्यात उतरवायच्या होत्या, चारशे बारा. वाटाड्यानं तिला बजावलं होतं, “एकही ओळ गाळायची नाही. जुनं आहे तसं उतरव. साफसफाई करायची ती नंतर, निवांतपणे.” वर्षानुवर्षं चालणाऱ्या तक्त्याला कारण नसताना हात लावायचा नाही, ही त्याची शिकवण होती आणि ती चुकीची नव्हती. तिनं सोमवारी चारशे बाराच्या चारशे बारा ओळी उतरवल्या, वर नव्या फायबर केबलच्या सहा घातल्या. सगळ्या एक्केचाळीस टाक्या पडद्यावर हिरव्या दिसल्या. वाटाड्यानं त्या दिवशी कित्येक महिन्यांनी जेवण गरम करून खाल्लं.

मंगळवारी सकाळी कंपनीची माणसं जुन्या पंपघरावर गेली. ते पंपघर बंद झाल्याला वर्षं झाली होती. त्याच्या गच्चीवर रेडिओची एक जुनी डिश होती, ती यादीत ‘भंगार’ म्हणून नोंदलेली. त्यांनी ती दहा वाजता उतरवली. दहा वाजून एका मिनिटानं टेकडीवरच्या टाकीचा आकडा बासष्ट टक्क्यांवर थांबला.

आकडा थांबला म्हणजे लाल झाला नाही, गेला नाही. पडद्यावर शेवटचं उत्तर तसंच राहायचं, कोपऱ्यात एक बारीक घड्याळ यायचं, आणि ते घड्याळ बघण्याइतकी दृष्टी नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरची राहिली नव्हती. बासष्ट म्हणजे टाकी भरायची आहे, म्हणून त्यानं पंप चालू ठेवला. साडेबाराला टेकडीखालच्या बेकरीवाल्याचा फोन आला. टाकी वाहत होती, रस्त्याचा ओढा झाला होता, आणि त्याच्या गोदामात पिठाची पोती घोटाभर पाण्यात उभी होती.

“पडद्यावर तर बासष्ट आहे हो!” ऑपरेटर फोनवर ओरडत होता. बेकरीवाला त्याला काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पंप बंद करून वाटाड्या आणि ती इंजिनिअर राउटरच्या खोलीत शिरली. पंख्यांचा तो सततचा आवाज आणि एकच प्लास्टिकची खुर्ची. ती खुर्ची तिनं त्याला दिली आणि स्वतः उभ्या-उभ्या तपासायला लागली. फायबर ठीक होतं. टेकडीच्या बाजूच्या बाकीच्या चारही टाक्या उत्तर देत होत्या. फक्त हीच एक मुकी.

“राउटरलाच विचार,” वाटाड्या म्हणाला. “त्या पेटीचा पत्ता दे आणि विचार, कुठल्या ओळीनं जाणार?”

तिनं विचारलं. राउटरनं सांगितलं. ‘टेकडीकडचे सगळे पत्ते नव्या फायबरवरून’ ही तिची ओळ होतीच, पण उत्तरात ती नव्हती. उत्तरात दुसरीच ओळ होती. ही एकच पेटी, रेडिओवरून, जुन्या पंपघराच्या राउटरकडे. ऑफिसच्या गच्चीपर्यंतची तार जिवंत होती, म्हणून राउटरच्या लेखी रस्ता चालू होता. पलीकडे घेणारं कुणी उरलेलं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दर मिनिटाला तो इमानेइतबारे टाकीची विचारणा आता तिथे नसलेल्या शेजाऱ्याकडे देत होता.

“ही जुन्या तक्त्यातून आली,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “एका पत्त्याची वेगळी ओळ. मला खटकायला हवी होती. मी नुसती उतरवत गेले.”

ती ओळ कुणाची ते वाटाड्याला वाचता क्षणीच कळलं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. टेकडीच्या रस्त्यावर खोदकाम करताना कुणीतरी केबल तोडली. केबल जोडायला दोन दिवस लागणार होते. तोवर त्या एका पेटीची वाट रेडिओवरून फिरवावी म्हणून त्यानं उभ्या-उभ्या एक ओळ घातली, कारण खाली रिक्षा थांबली होती आणि रिक्षात बायको बसली होती. सकाळीच तिचे वडील गेल्याचा फोन आला होता. वही कपाटात, कपाटाला कुलूप. उद्या लिहू, असं तो स्वतःशी म्हणाला. पाच तासांचा प्रवास करून तो सासऱ्यांना पोचवून आला, आणि संध्याकाळच्याच गाडीनं परत निघाला, केबल जोडून घ्यायला. बायको तिथेच राहिली. केबल जोडली गेली, पण ती एका पेटीची ओळ तक्त्यात बसून राहिली, आणि रेडिओ चालू होता म्हणून ती बसली आहे हे कुणालाच कळलं नाही. अकरा वर्षं टेकडीवरच्या टाकीचं पाणी जुन्या पंपघराच्या गच्चीवरून विचारलं जात होतं.

त्यानं कपाट उघडून त्या वर्षाची वही काढली. त्या तारखेचं पान कोरं होतं. शाई नाही, पेन्सिल नाही. शेजारच्या पानांवर त्याचं बारीक, सरळ, स्वतःवर खूश असलेलं अक्षर. त्याला त्या अक्षराची लाज वाटली.

“काढू का ती ओळ?” तिनं विचारलं.

“काढ.”

तिनं काढली. पुढच्याच मिनिटाला विचारणा फायबरवरून गेली आणि पडद्यावर शंभर टक्के आले. ऑपरेटरनं बाहेरून टाळ्या वाजवल्या, जणू कुणी चेंडू सीमेपार मारला होता.

तिसऱ्या प्रहरी साहेबांनी त्याला एकट्याला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कागद लवकर मिटलेले आवडायचे. टेबलावर दोन कागद होते. एक बिघाडाचा अहवाल, त्यात ‘कारण’ असा रकाना. दुसरा सोपवणीचा, त्यावर साहेबांची सही आधीच झालेली, वाटाड्याची बाकी.

“बसा. सोपं आहे. ‘कंपनीच्या इंजिनिअरनं जुना तक्ता न तपासता नव्या राउटरमध्ये उतरवला.’ लिहा एवढं. खोटं आहे का यात काही?”

“खोटं नाही,” वाटाड्या म्हणाला.

“झालं तर मग. बेकरीवाल्याचं कंपनी बघून घेईल. त्या बाईला ते या कामावरून काढतील, दुसरी पाठवतील. तुम्ही शुक्रवारी मोकळे.” साहेबांनी पेन पुढे केलं. “घरी वाट बघतायत ना?”

वाटाड्यानं पेन घेतलं. तो धीरोदात्त वगैरे काही नव्हता, त्याला खरोखर जायचं होतं. त्याला बदललेले पलंगपोस दिसत होते. पोरीनं स्वतःच कबूल केलंय, तो मनाशी म्हणाला. तिशीची आहे, तिला दुसरं काम मिळेल. मला दुसरी तारीख मिळणार नाही. अर्धी ओळ त्यानं लिहिलीसुद्धा. ‘कंपनीच्या इंजिनिअरनं जुना’ इथपर्यंत. आणि मग त्याला आठवलं, की ती इंजिनिअर मघाशी त्याला खुर्ची देऊन दोन तास उभी होती, आणि ‘एकही ओळ गाळायची नाही’ हे वाक्य त्याचं होतं. ती एका शब्दानं तसं बोलली नव्हती.

त्यानं लिहिलेलं खोडलं.

“ती ओळ माझी आहे, साहेब. अकरा वर्षांपूर्वी घातली, दोन दिवसांसाठी. वहीत नोंद नाही. तिनं ती गाळली असती तर मीच तिला ओरडलो असतो.”

साहेबांनी अहवाल स्वतःकडे ओढला. “तुम्हाला काय हौस आहे का?” ते म्हणाले. “कुणी विचारलं होतं?”

“कुणी नाही.”

“आता मला चौकशी लावावी लागेल. सोपवणी थांबली, कार्यमुक्ती थांबली. अहो, तीन दिवस राहिले होते!”

“हो,” वाटाड्या म्हणाला. त्याला एकदम इतका थकवा आला की खुर्चीतून उठणंही नको वाटलं.

पण चौकशीचे नियम ज्यांनी लिहिले त्यांना वाटाड्याची कहाणी माहीत नव्हती. नियमाप्रमाणे ज्याच्यावर चौकशी, त्यानं यंत्रणेला हात लावायचा नाही. बुधवारी सकाळी त्याचे सगळे पासवर्ड बदलले. सतराही पंपघरांच्या दारांवर ‘काही अडल्यास’ म्हणून त्याचा मोबाइल नंबर चिकटवलेला होता, त्यावर त्या इंजिनिअरच्या नंबराची पट्टी आली. पट्ट्या चिकटवून आल्यावर ती त्याच्या टेबलाशी थांबली.

“काका, तुम्ही सांगायला नको होतं,” ती म्हणाली.

“चारशे अकरा उरल्यात,” तो म्हणाला. “एकेक करून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.”

दुपारपर्यंत त्याचा फोन एकदाही वाजला नाही. त्यानं तो दोनदा उचलून चालू आहे ना ते बघितलं. ऑपरेटर, बांधकामवाले, साहेबांची मुलगी, सगळ्यांची पाकिटं दुसऱ्या दिशेनं जायला लागली होती, आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. ज्या वाक्यानं तो तीन वर्षं विरघळत होता, ते अर्ध्या दिवसात खोटं ठरलं. सुटका झाली याचा आनंद व्हायला हवा होता. त्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

“चौकशी पुढच्या महिन्याच्या अठराला,” साहेब म्हणाले. “तोवर रोज येऊन बसा. नाहीतर रजा टाका. आहे का शिल्लक?” त्यांनी स्वतःच बघितलं आणि कपाळाला हात लावला. दोनशे अठ्ठ्याहत्तर दिवस होते.

त्यानं संध्याकाळी बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, टाकी, पीठ, साहेब, चौकशी.

“म्हणजे पुढे गेली,” ती म्हणाली.

“कार्यमुक्ती गेली. पण मी रजा टाकलीय. शनिवारी येतोय.”

“मी तारीख सांगू नका म्हटलं होतं.”

“तारीख नाही सांगत. शनिवार सांगतोय.”

ती हसली नाही. तिनं विचारलं, “ओळ कुठल्या दिवशीची म्हणालात?”

“बाबा गेले त्या दिवशीची. तू खाली रिक्षात होतीस.”

“त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात तुम्ही. दोन दिवसांत येतो म्हणून.”

“हो.”

“बाराव्या दिवशी आलात.”

“हो,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“बरं, ठेवते,” ती म्हणाली. या, असं म्हणाली नाही. नका येऊ, असंही नाही.

शनिवारी दुपारी तीनला त्यानं सासूच्या घराची बेल वाजवली. दार उघडलं ते एका अनोळखी बाईनं. गळ्यात शिवणकामाची टेप, ओठात टाचणी. टाचणी काढून ती म्हणाली, “कोण हवंय?”

“मी... या घरचा जावई,” वाटाड्या म्हणाला.

“अगं बाई, तुम्ही होय! या की. फोटोत केस आहेत तुम्हाला.” ती शेजारीण होती. बायको बाहेर गेली की ती आपलं शिवण घेऊन इथे येऊन बसायची. तिच्याजवळ घराची किल्ली होती. म्हातारी खुर्चीत बसलेली, समोर वॉकर. तिनं जावयाला नीट न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “किती दिवस?”

बायको औषधं घेऊन आली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता. ती बारीक झाली होती आणि केस कापले होते. त्याला बघून तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, “जेवलात का?” विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चहाचं आधण ठेवलं. त्यानं गळका नळ दुरुस्त करतो म्हटलं. तो महिन्यापूर्वीच दुरुस्त झाला होता. आईला डॉक्टरकडे मी नेत जाईन म्हटलं. डॉक्टर घरी येत होते, दर सोमवारी. विजेचं बिल, गॅस, खुर्चीचं चाक, सगळ्याला कुणी ना कुणी होतं. त्याच्या हाताला काही लागेना.

मग त्याला कपाटाच्या दारावरचा कागद दिसला. बायकोच्या अक्षरात, शाईनं, एकाखाली एक ओळी होत्या. आई पडली तर, समोरच्या हॉस्पिटलचा नंबर. श्वास लागला तर, डॉक्टरांचा. मी घरी नसेन तर, शेजारणीचा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, काहीच सुचलं नाही तर. तिथे त्याचा नंबर होता आणि त्यावर एक सरळ रेघ मारलेली. वरती पुन्हा शेजारणीचाच नंबर.

तो किती वेळ ते वाचत उभा होता कोण जाणे. मागे चहा उकळून थांबला होता.

“कधी मारलीस ही रेघ?” त्यानं विचारलं.

“चौथी तारीख हुकली तेव्हा,” ती म्हणाली. “तुम्ही फोन उचलायचात. नेहमी उचलायचात. पण आईला उचलायला पाच तास लागायचे.”

त्याचे डोळे भरून आले. तिनं ते बघितलं, पण धावून आली नाही. तीन वर्षं एकटीनं म्हातारीला उठवणाऱ्या बाईजवळ धावून जाण्याइतकी ताकद संध्याकाळपर्यंत उरत नाही. तिनं त्याच्यापुढे कप ठेवला आणि समोर बसली.

“परत लिहू का माझा नंबर?” तो म्हणाला. “खाली?”

“खाली नको,” ती म्हणाली. “ती तळाची ओळ आता कुणाच्याच गळ्यात नको. शेजारणीचाही नंबर तिथून काढायचाय मला, तीही दमते.” तिनं थोडा विचार केला. “नवी ओळ घाला. ‘संध्याकाळी आईला गॅलरीत बसवणं.’ एवढंच. बाकी काही नको.”

“समोर काय लिहू?”

“समोर तुम्ही.”

त्यानं खिशातलं पेन काढलं. तिनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि ओट्यावरच्या डब्यातून पेन्सिल काढून दिली.

“पेन्सिलीनं,” ती म्हणाली. “आणि पुढे तारीख. नियम तुमचाच आहे.”

त्यानं पेन्सिल घेतली. ती थट्टा करत नव्हती.

“किती तारीख घालू?”

“अठराला चौकशीला तुम्ही जाणारच. तिथे कुणीतरी म्हणेल, तुमच्याशिवाय कसं होणार.” तिनं चहाचा घोट घेतला. “एकोणीसची घाला. एकोणीसला संध्याकाळी आईला तुम्ही गॅलरीत बसवलंत, तर शाईनं मी लिहीन.”

बाहेरून म्हातारीनं विचारलं, जावई आहेत का गेले? शेजारीण म्हणाली, आहेत, आहेत. वाटाड्या कपाटाशी गेला आणि लिहायला लागला. पेन्सिलीचं टोक बोथट होतं, एकोणीस त्याला दोनदा गिरवावं लागलं.